घोडा, डोंगर आणि तुटपुंजं भांडवल

कृष्णाकाठच्या अंकलखोप गावातल्या विष्णुपंत छत्र्यांना दोन गोष्टींचं वेड होतं, गाण्याचं आणि घोड्याचं. गाण्यापायी ग्वाल्हेरच्या हद्दूखाँच्या घराण्याशी त्यांचं नातं जडलं, आणि हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ यांना पुढे त्यांनीच सांभाळलं. घोड्यापायी ते कुरुंदवाडच्या पटवर्धनांच्या पदरी चाबुकस्वार झाले. १८७९-८० च्या सुमारास किआरिनी नावाच्या इटालियन साहेबाची सर्कस मुंबईत आली होती. घोड्यावरच्या असल्या कसरती हिंदी माणसाच्या हातून व्हायच्या नाहीत, असं त्याचं म्हणणं छत्र्यांच्या जिव्हारी लागलं. १८८० साली त्यांनी स्वतःची सर्कस उभी केली आणि धावत्या घोड्याच्या पाठीवर उभं राहून मुंबईकरांना दाखवलं.

मग या पट्ट्यात सर्कशींचं पेवच फुटलं. म्हैसाळचे देवल, सांगलीचे कार्लेकर, तासगावचे परशुराम माळी अशी नावं एकामागून एक पुढे आली. तासगाव तर सर्कसवाल्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं. माळरानावर गुरं राखणारी पोरं झुल्यावर लोंबकळायला आणि घोड्यावर उलटं बसायला शिकली.

मराठी चित्रपटाच्या इतिहासात हा भाग सहसा येत नाही. तो इतिहास संगीत नाटकाच्या पदापासून आणि चित्रकाराच्या कुंचल्यापासून सुरू करायची आपल्याला सवय आहे, आणि ‘अयोध्येचा राजा’ किंवा ‘संत तुकाराम’ यांच्यापुरतं ते बरोबरही आहे. पण या मातीत आणखी एका जातीचे चित्रपट निघाले: घोडदौडीचे, तलवारबाजीचे, कड्यावरून उडी टाकणाऱ्या नायकाचे, थोडक्या पैशात आणि थोडक्या दिवसांत उरकलेले. त्यांचं मूळ सर्कशीच्या रिंगणात आणि तालमीच्या लाल मातीत आहे. समीक्षकांनी त्यांना स्टंटपट म्हणून बाजूला सारलं. माझ्या मते त्यांची उपेक्षा म्हणजे आपल्या निम्म्या प्रेक्षकाची उपेक्षा आहे.

अमेरिकेतही हेच घडलं होतं. छत्र्यांच्या सर्कशीनंतर तीन वर्षांनी, १८८३ मध्ये, बफेलो बिल याने ‘वाइल्ड वेस्ट’ हा घोडेस्वारांचा खेळ सुरू केला. गुराखी, बंदुका, घोडागाडीवरचा दरोडा असं सगळं तो मैदानात तिकीट लावून दाखवी. १९०३ साली एडविन पोर्टरने ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा बारा-एक मिनिटांचा मूकपट काढला आणि तोच खेळ पडद्यावर आला. टॉम मिक्ससारखे पुढचे नायक अशाच मैदानी खेळांतून आलेले स्वार होते. मोठ्या स्टुडिओंच्या सावलीत हॉलिवूडमध्ये छोट्या कंपन्यांची एक वस्तीच तयार झाली. तिला लोक ‘पॉव्हर्टी रो’ म्हणजे गरिबांची आळी म्हणत. आठवडा-पंधरवड्यात एक चित्रपट हातावेगळा करायचा, तेच खडक आणि तोच घोडा पुन्हा वापरायचा, आणि शनिवारच्या खेळाला पोरांनी थिएटर भरलं की पुढच्याच्या तयारीला लागायचं, असा तो धंदा होता. कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनजवळच्या त्याच त्या शिळांमागे कितीतरी दरोडेखोर दबा धरून बसले असतील.

आपल्याकडच्या शिळा पन्हाळ्याच्या आणि जोतिबाच्या डोंगरावरच्या. सांगलीहून जेमतेम पन्नास किलोमीटरवर कोल्हापूर. तिथे आनंदराव आणि बाबूराव या पेंटर मंडळींनी कॅमेराच घरी बनवायला घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूराव आणि त्यांचे सहकारी दामले यांनी तो १९१८ साली पुरा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, तिला गायिका तानीबाई कागलकरांचं पैशाचं पाठबळ मिळालं आणि शाहू महाराजांचा आश्रयही लाभला. १९२० चा ‘सैरंध्री’ पौराणिक होता, पण १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये बाबूरावांनी तानाजी उभा केला आणि रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. घोडे, मशाली, गडाची तटबंदी आणि चढणारे मावळे प्रेक्षकाने पडद्यावर पाहिले.

कोल्हापुरात हे का जमलं, याचं उत्तर साधं आहे. शाहू महाराजांनी कुस्तीला असा काही आधार दिला होता, की पिळदार अंगाचा गडी गल्लीगल्लीत सापडे. संस्थानाच्या पागेत घोडे होते. दांडपट्टा फिरवणारे हात होते. मुंबईच्या निर्मात्याला ज्यासाठी रोख मोजावी लागे, ते इथे हाक मारली की मिळे. कंपनीत आलेली पोरं सेट रंगवत, मेकअप करत, जमावात उभी राहत आणि वेळ पडली तर उंचावरून उडीही मारत. व्ही. शांताराम याच कंपनीत असे घडले. बाबूरावांच्या ‘सावकारी पाश’मधला तरुण शेतकरी तेच होते.

तंत्राचीही मदत होती. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला सोळाच्या आसपास चौकटी पडतील असा हात कॅमेरामनला बसलेला असे. आता त्याने हँडल जरा सावकाश फिरवलं, म्हणजे सेकंदाला दहा-बाराच चौकटी घेतल्या, तर तेच रीळ नेहमीच्या वेगाने दाखवल्यावर साधा दुडका चालणारा घोडाही चौखूर उधळल्यासारखा दिसे. तलवारीचे हात विजेसारखे चालत. उडी मारणारा क्षणात खाली पोहोचे. यासाठी जादा पैसा लागत नव्हता, मनगटावर ताबा लागत होता. प्रकाश सूर्याचा. चंदेरी कागद चिकटवलेल्या फळ्या धरून तो नटाच्या तोंडावर टाकायचा. ढग आले की चहा, ढग गेले की दरोडा. या पद्धतीत गरीब कंपनीही श्रीमंतासारखी दौड दाखवू शकत होती.

या काळाचा राजा होता मास्टर विठ्ठल. नाटक कंपनीतून बालनट म्हणून आलेला हा मुलगा महाराष्ट्र फिल्म कंपनीत वाढला. ‘कल्याणचा खजिना’मध्ये त्याने नर्तकीचं काम केलं होतं. मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीने त्याला ‘रतन मंजरी’त नायक केलं आणि वर्षभरात तो देशातला नावाजलेला मारधाडीचा नट झाला. हॉलिवूडच्या साहसी नायकावरून ‘हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स’ ही पदवी त्याला लोकांनी दिली होती. अर्देशीर इराणींनी १९३१ च्या ‘आलम आरा’साठी, म्हणजे पहिल्या बोलपटासाठी, त्याला ओढलं तेव्हा शारदा कंपनी करारभंगाचा दावा घेऊन कोर्टात गेली. विठ्ठलची बाजू मांडायला बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि तो सुटला. पण ‘आलम आरा’त विठ्ठलच्या वाट्याला संवाद जवळजवळ आले नाहीत. ज्याचं अंग बोलत होतं, त्याची जीभ बोलपटाला पुरी पडली नाही.

या जातीच्या मूकपटांपैकी हाताशी काय उरलं आहे? फारच थोडं. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि बोटांवर मोजण्याइतके वाचले. नायट्रेटचं रीळ चटकन पेटतं, दमट हवेत चिकटतं, आणि त्यातली चांदी काढून घेण्यासाठीही कितीतरी रिळं वितळवली गेली. उरलेल्यांत पुण्याच्या अगरवाल फिल्म कंपनीचा ‘दिलेर जिगर’ आहे, १९३१ चा, ग. प. पवारांनी दिग्दर्शित केलेला. राज्य हिरावलं गेलेला राजपुत्र कसरती करणाऱ्यांच्यात वाढतो आणि अखेर गादी परत मिळवतो, अशी त्याची गोष्ट. नायिका ललिता पवार. पुढे खाष्ट सासू म्हणून घराघरात पोहोचलेली ही बाई इथे चेहरा झाकून मारामारीत उतरते. १९३५ च्या ‘हंटरवाली’तली मारधाडीची नायिका नाडिया हिच्या चार वर्षं आधी एका मराठी बाईने हे केलं होतं. ही रिळं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात टिकली म्हणून आपण हे खात्रीने सांगू शकतो. नाहीशा झालेल्या इतर चित्रपटांत आणखी काय होतं, या विचाराने मन हळहळतं.

प्रभात फिल्म कंपनीनेही आरंभी हाच रस्ता धरला होता. १ जून १९२९ ला कोल्हापुरात कंपनी निघाली, आणि ‘गोपाल कृष्ण’नंतर लगेच ‘खुनी खंजीर’ आला. १९३० च्या ‘उदयकाल’मध्ये शांताराम स्वतः शिवाजी झाले. त्याचं मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’. ‘स्वराज्य’ हा शब्द सरकारला खुपला म्हणून नाव बदलावं लागलं. घोड्यावर बसलेल्या मराठी माणसाला पडद्यावर पाहून इंग्रज अधिकारी अस्वस्थ होत होता, हे त्या शब्दावरच्या कात्रीवरून कळतं.

बोलपट आला आणि सगळं गणित फिरलं. कॅमेरा मोटरवर चालू लागला, सेकंदाला ठरलेल्या चोवीस चौकटी, मनगटाची करामत संपली. कॅमेऱ्याचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून त्याला झाकून, कोंडून ठेवणं आलं. माळावरच्या वाऱ्यात संवाद नीट टिपता येईनात. नट मायक्रोफोनभोवती घोटाळू लागले. दौडणारा सिनेमा खोलीत येऊन बसला आणि या खोलीचा खर्च जबर होता. याच वेळी सांगलीने चित्रपटात उडी घेतली.

ही उडी मास्टर दीनानाथांची. १९१८ साली दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी बलवंत संगीत मंडळी काढली होती. गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’मध्ये दीनानाथांची लतिका आणि कोल्हटकरांचा घनश्याम पाहिलेली माणसं त्या प्रयोगांबद्दल जन्मभर बोलत राहिली. सांगली हे नाटकाचं माहेर. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते याच गावात. दीनानाथांचं बिऱ्हाडही इथेच होतं, त्यांच्या कन्या आशाताईंचा जन्म १९३३ चा, सांगलीचाच. बोलपटांनी नाटकांचा गल्ला ओढून घेतला, तेव्हा मंडळीने काळाबरोबर जायचं ठरवलं आणि सांगलीत बलवंत पिक्चर्स उभी केली. १९३४ चा ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा तिचा मोठा डाव. तो मराठीत आणि हिंदीत अशा दोन्ही भाषांत काढला. दिग्दर्शन कोल्हटकर आणि विश्राम बेडेकर यांचं. बेडेकर तेव्हा तरुण होते, आदल्याच वर्षी त्यांचं ‘ब्रह्मकुमारी’ मंडळीने रंगमंचावर आणलं होतं.

डाव फसला. कंपनी कर्जात बुडाली आणि तिच्याबरोबर बलवंत संगीत मंडळीही गेली. बेडेकरांच्या ‘एक झाड आणि दोन पक्षी’मध्ये आणि कोल्हटकरांच्या ‘बहुरूपी’मध्ये त्या दिवसांची हकिकत आहे. दोन्ही आत्मचरित्रं शेजारी ठेवून वाचावीत. मला त्या अपयशाचं कारण माणसांच्या नालायकीत दिसत नाही. देवांचं युद्ध दाखवायचं तर भव्य मांडणी हवी, दोन भाषांत काढायचा तर खर्च वाढला, ध्वनिमुद्रणाची यंत्रसामग्री महाग, आणि स्पर्धा पुण्याला जाऊन थाटलेल्या प्रभातशी. सांगलीच्या मंडळींकडे आवाज होता, अभिनय होता, लेखणी होती. गावाबाहेर मात्र तासगाव-म्हैसाळचे घोडेस्वार आणि कसरतपटू होते, त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. याच वर्षांत मुंबईत वाडिया मूव्हीटोन घोडे, रेल्वेचे डबे आणि चाबूक यांच्या बळावर गल्ला भरत होती, आणि पुढच्या काही वर्षांत मास्टर भगवानसारखा मराठी माणूस थोडक्या पैशात मारधाडपट काढून गिरणी कामगारांचा लाडका झाला. प्रतिष्ठेचा चित्रपट सांगलीने निवडला, याचं दुःख अजूनही होतं.

१९४० च्या सुमारास मंगेशकर कुटुंब पुण्याला गेलं. २४ एप्रिल १९४२ ला दीनानाथ गेले, वय अवघं एकेचाळीस. थोरली मुलगी लता, वय बारा-तेरा, पोटासाठी मास्टर विनायकांच्या चित्रपटांत कामं करू लागली.

घोड्यांचा चित्रपट कोल्हापुरात जिवंत ठेवला भालजी पेंढारकरांनी. १९३९ चा ‘नेताजी पालकर’, १९४१ चा ‘थोरातांची कमळा’, १९४३ चा ‘बहिर्जी नाईक’, अशी ही परंपरा पुढे चालली. भालजींच्या चित्रपटांना ऐतिहासिक म्हणतात आणि ते आहेतही. पण त्यांची हाडं मारधाडपटाची आहेत. इमानी मित्र, फितूर पाटील, खिंडीत दबा धरून बसलेले स्वार, धूळ उडवत येणारी मदत. चंद्रकांत आणि सूर्यकांत हे मांडरे बंधू तालमीत तयार झालेले, त्यामुळे घोड्यावर ते शोभेला बसवल्यासारखे दिसत नाहीत. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीत सातारा-सांगली-कोल्हापूरच्या शेकडो घरांसारखाच भालजींचा जयप्रभा स्टुडिओही जळाला. ‘मीठ भाकर’ राख झाला. भालजींनी तो पुन्हा पहिल्यापासून चित्रित केला.

१९६० नंतर त्यांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ आणि ‘तांबडी माती’ या चित्रपटांना आनंदघन नावाच्या संगीतकाराने चाली दिल्या. ‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन म्हणजे लता मंगेशकर हे सगळ्यांना कळलं. भालजी कर्जात सापडले तेव्हा जयप्रभा स्टुडिओ घेतला तोही लताबाईंनीच. वडिलांचा स्टुडिओ सांगलीत बुडालेला पाहिलेल्या मुलीने कोल्हापूरचा स्टुडिओ विकत घेतला, ही घटना मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी वाटते.

हे चित्रपट लोकांनी पाहिले कुठे? शहरातल्या थिएटरात पाहिले, पण त्याहून जास्त जत्रेतल्या तंबूत. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, म्हसवडचा सिद्धनाथ, पालचा खंडोबा, खरसुंडी, अशा यात्रांना टुरिंग टॉकीजचे ट्रक येत. कनातीच्या आत मधोमध पडदा टांगलेला, जमिनीवर प्रेक्षक, बायकांची बाजू वेगळी. गर्दी वाढली की लोक पडद्याच्या मागल्या बाजूलाही बसत. तिथून नाव उलटं दिसे आणि नायक डाव्या हाताने तलवार चालवी, पण कुणाची तक्रार नसे. रीळ तुटलं की शिट्ट्या, जोडलं की टाळ्या. दुसऱ्या दिवशी पोरं बाभळीच्या फोकाच्या तलवारी करून बांधावर ‘फायटिंग’ खेळत. गाण्याच्या पदावर वन्समोअर देणारा प्रेक्षक सांगलीच्या नाट्यगृहात होता. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी माळावरचा प्रेक्षक घोड्याच्या टापांची वाट पाहत होता.

या प्रेक्षकाला स्वतःच्या मुलखाचा नायक दिला अण्णाभाऊ साठ्यांनी. १ ऑगस्ट १९२० चा त्यांचा जन्म, गाव वाटेगाव, तालुका वाळवा. तेव्हा हा तालुका सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. लहानपणीच वडिलांबरोबर चालत मुंबई गाठलेल्या या माणसाने वारणेच्या खोऱ्यातले बंडखोर कागदावर उतरवले. १९५९ च्या ‘फकिरा’ कादंबरीत मांग समाजातला एक तरुण दुष्काळात भुकेल्यांसाठी धान्य लुटतो, सरकारी खजिन्याला हात घालतो, आणि आपल्या माणसांना ओलीस धरल्यावर स्वतःहून हजर होतो.

इथे अमेरिकन वेस्टर्नपेक्षा आपली वाट पार वेगळी होते. तिकडे शिपाई आणि शेरीफ न्यायाच्या बाजूचे, आणि त्या जमिनीचे मूळ रहिवासी बहुतेक वेळा बिनचेहऱ्याचे शत्रू. वारणेच्या खोऱ्यात पाठलाग करणारा शिपाई परक्या सरकारचा होता, आणि पळणारा होता तो १८७१ च्या कायद्यापासून ज्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यातला. अण्णाभाऊंनी घोडा त्याच्या मांडीखाली दिला. सातारा जिल्ह्याने हे कादंबरीबाहेरही पाहिलं होतं. जून १९४३ मध्ये इंग्रज राज्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने कराडजवळच्या शेणोली स्टेशनावर पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडवून लुटली आणि पैसा चळवळीला दिला. पोर्टरच्या मूकपटाला तेव्हा चाळीस वर्षं झाली होती. तिथली लूट न्यू जर्सीत नटांनी केलेली होती. शेणोलीतली कुंडलच्या आणि आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी.

अण्णाभाऊंच्या कथा मग पडद्यावर आल्या. १९६१ ला ‘वैजयंता’ आला. ‘फकिरा’ही पडद्यावर आला. १८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गोरेगावात हलाखीत वारले, आणि त्याच एका वर्षात त्यांच्या कथांवरचे ‘टिळा लावते मी रक्ताचा’, ‘डोंगरची मैना’ आणि ‘मुरली मल्हारीरायाची’ हे तीन चित्रपट लागले. पुढल्या वर्षी ‘वारणेचा वाघ’ आला, त्यातला सत्तू भोसले वारणेच्या डोंगरात सरकारला हूल देत फिरतो. १९७४ ला ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’. पैसा थोडा, रिळं काळीपांढरी, आणि मागे दिसणारे डोंगर प्रेक्षकाच्या ओळखीचे. पंचाहत्तर साली ‘शोले’ आला तेव्हा वाळवा-शिराळ्यातल्या माणसाला गब्बर नवा होता, पण दरोडेखोर नवा नव्हता. त्याने तो आपल्या बोलीत आणि आपल्या बाजूचा पाहिलेला होता.